सरांची फाइल नव्या मशीनवर उघडत नाही

पत्राचा गोषवारा: तालुक्याच्या गावातल्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंचं हे पत्र. १९९९ मध्ये गावच्या हायस्कूलमधल्या गणिताच्या सरांनी वाचनालयासाठी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस ९७ या माहिती साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक प्रोग्राम करून दिला. दाखल नोंदी, सभासद, देवघेव, वर्गणी, अनामत असं सगळं त्यात आहे. पुस्तकं सुमारे २२,०००, सभासद ९००. सर तीन वर्षांपूर्वी गेले. प्रोग्राम विंडोज एक्सपीच्या जुन्या मशीनवर अजून चालतो, पण मशीन हल्ली सुरू होताना खरखर आवाज करतं. एका देणगीदारानं विंडोज ११ आणि ताजं ऑफिस असलेलं नवं मशीन दिलं. त्यावर फाइल उघडायला गेलं की ‘आधीच्या आवृत्तीत केलेला डेटाबेस उघडता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. ओळखीच्या एका मुलानं फाइलच्या नावाच्या शेवटचं एमडीबी (जुन्या ॲक्सेस फाइलीची खूण) काढून एसीसीडीबी (नव्या ॲक्सेस फाइलीची खूण) लिहून पाहिलं आणि ‘फाइल करप्ट आहे’ असा निकाल दिला. पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये काढून नव्या मशीनवर नेली, तर मराठी नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसली. कार्यकारी मंडळात दोन तट आहेत. सचिव म्हणतात, ६०,००० रुपयांचं नवं सॉफ्टवेअर घ्या आणि सगळ्या नोंदी पुन्हा भरा. अध्यक्ष म्हणतात, चालतंय तोवर हात लावू नका. ‘सरांनी तीन उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालून केलेलं काम माझ्या हातून बुडणार, या विचारानं झोप लागत नाही,’ असं बाई लिहितात.

ताई,

फाइल करप्ट झालेली नाही. रोज सकाळी जुन्या मशीनवर ती उघडते, तुम्ही तिच्यात देवघेव नोंदवता, याहून वेगळा पुरावा नको. तुम्हाला दिसलेला संदेश धडधाकट ॲक्सेस ९७ फाइल नव्या ॲक्सेसला दाखवली की हमखास येतो. आणि त्या मुलानं जे केलं त्याबद्दल एवढंच म्हणते, की बरणीवरची चिठ्ठी बदलून लोणच्याचा मुरांबा होत नाही. नाव पुन्हा एमडीबी करा. तो प्रयोग मूळ फाइलीवर न होता प्रतीवर झाला असेल, अशी आशा करते.

पुढचं वाचण्याआधी एक काम करा, आजच. प्रोग्राम बंद करून फाइलची प्रत दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या. प्रोग्राम खरंच बंद झालाय का हे पाहायचं असेल तर त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची एलडीबी फाइल दिसते का बघा. ती असेल तर कुठेतरी तो अजून उघडा आहे. मग सगळ्या मशीनवर शेवटी एमडीबी असलेल्या फाइली शोधा. बऱ्याच जणांनी त्या काळात फॉर्म, म्हणजे नोंदी भरायचे पडदे, एका फाइलीत आणि तक्ते, म्हणजे प्रत्यक्ष नोंदी, दुसऱ्या फाइलीत ठेवले होते. नुसती फॉर्मची फाइल उचलली, तर घरी जाऊन कळतं की आपण रिकामं कपाट उचलून आणलंय. सोबत एमडीडब्ल्यू शेवट असलेली फाइल सापडली तर तीही घ्या, आणि विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले मराठी फॉन्टही. का घ्यायचे ते पुढे येईलच. खरखरणाऱ्या डिस्कला आठवडा मिळेल की वर्ष, हे कुणी सांगू शकत नाही.

झालं? आता निवांत बोलू.

तुमच्या पत्रात एक गृहीत दडलेलं आहे, आणि ते अध्यक्षांच्याही मनात आहे, सचिवांच्याही: सरांचा प्रोग्राम ही एक वस्तू आहे, ती एकतर नव्या मशीनवर जाईल नाहीतर जाणार नाही. मी गेली पंचवीस वर्षं लहान कारखाने, दवाखाने आणि पतपेढ्यांसाठी ॲक्सेसमध्ये असेच प्रोग्राम करते आहे. माझा अनुभव असा, की अशा फाइलीत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र नांदत असतात आणि तिघींचं वय वेगवेगळ्या वेगानं वाढतं. पहिली म्हणजे माहिती: पुस्तकं, माणसं, तारखा, पैसे. दुसरी, सरांनी लिहिलेला प्रोग्राम: फॉर्म, रिपोर्ट, कोड. तिसरी गोष्ट आपल्याकडेच जास्त भेडसावते, ती म्हणजे मराठी अक्षरं साठवण्याची त्या काळची पद्धत. यातली माहिती सहज वाचते. प्रोग्राम थोड्या खटपटीनं वाचतो. अक्षरांसाठी मात्र मेहनत आहे. लोक नेमकं उलटं समजतात, प्रोग्रामपाशी रडत बसतात आणि अक्षरांकडे त्यांचं लक्षच नसतं.

फाइल उघडत का नाही, ते आधी थोडक्यात. ॲक्सेस पहिल्यांदा बाजारात आलं १९९२ मध्ये. त्याच्या पोटात माहिती सांभाळणारं एक इंजिन असतं, त्याचं नाव जेट. ॲक्सेस ९७ मध्ये ते ३.५ होतं. ॲक्सेस २००० मध्ये जेट ४ आलं आणि फाइलची आतली मांडणीच बदलली. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, साठवला जाऊ लागला, फाइलची कमाल मर्यादा १ जीबीवरून २ जीबी झाली. नाव मात्र एमडीबीच राहिलं. म्हणून ९७ ची एमडीबी आणि २००३ ची एमडीबी बाहेरून सारख्या दिसतात, आतून नसतात. मग २००७ मध्ये एसीसीडीबी हा नवा प्रकार आला. इतकं होऊनही जुनी फाइल उघडायची सोय ॲक्सेस २०१० पर्यंत होती. ॲक्सेस २०१३ मध्ये ती काढून टाकली. तुमच्या मशीनवर त्यानंतरचं ॲक्सेस आहे, म्हणून तो संदेश.

याचा अर्थ, ९७ वरून थेट आजच्या ॲक्सेसवर उडी मारता येत नाही. मध्ये एका मुक्कामाची गाडी धरावी लागते. ॲक्सेस २०००, २००२, २००३, २००७ किंवा २०१० यातलं कुठलंही एक असलेलं मशीन हवं. ते गावात सापडतं हो! कर सल्लागाराच्या ऑफिसात, कॉलेजच्या संगणक विभागात, कुणाच्या तरी माळ्यावर. एवढंच लक्षात ठेवा, की ॲक्सेस ऑफिसच्या सगळ्या संचांत नसायचं, प्रोफेशनल संचात असायचं. ‘आमच्याकडे ऑफिस २००७ आहे’ म्हणणाऱ्याला आधी यादीत ॲक्सेस दिसतंय का ते बघायला सांगा. त्या मशीनवर प्रत न्यायची, मूळ फाइल नाही, आणि तिचं ॲक्सेस २००२-२००३ प्रकारच्या (मशीनवर ॲक्सेस २००० असेल तर २००० प्रकारच्या) एमडीबीत रूपांतर करायचं. ही नवी एमडीबी तुमच्या विंडोज ११ वरचं ॲक्सेस उघडेल. नवी ॲक्सेसं २००० आणि २००२-२००३ च्या एमडीबी अजून उघडतात, त्यामुळे एसीसीडीबी करण्याची पहिल्या दिवशी घाई नको. ते सगळं स्थिरावल्यावर करा.

मूळ फाइल न्यायची नाही, हे इतकं बजावून सांगण्याचं कारण माझ्याच कपाळावर आहे. २००१ साली एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये चार मशीनवर ९७ होतं आणि पाचवं नवं मशीन आलं २००० वालं. मी त्यावरून नेटवर्कवरची फाइल उघडली. त्यानं विचारलं, रूपांतर करू का? मी म्हटलं, कर. त्यानं केलं, आणि व्यवस्थित केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही जुन्या मशीनवर कुणालाच फाइल उघडेना आणि दारात माल घेऊन ट्रक उभे. ॲक्सेस नव्या आवृत्तीकडे नेतं, परत आणण्याच्या बाबतीत ते कंजूष आहे. माझ्याकडे आदल्या संध्याकाळची प्रत होती म्हणून नोकरी राहिली.

रूपांतराआधी ॲक्सेस ९७ मध्येच, प्रतीवर, थोडी झाडलोट करून घ्या. कॉम्पॅक्ट आणि रिपेअर या फाइल आवरायच्या आणि दुरुस्त करायच्या सोयी चालवा. एखादं मॉड्यूल उघडून सगळा कोड कम्पाइल करून, म्हणजे ॲक्सेसकडून तपासून चालण्याजोगा करून, सेव्ह करा. ९७ मध्येच जो कोड कम्पाइल होत नाही, तो पुढे जाऊन सुधारणार नाही. सरांनी फाइल एमडीई प्रकारात बंद करून दिली असेल तर मात्र गाठ अवघड. एमडीईत वाचता येणारा कोड नसतोच, त्यामुळे फॉर्म आणि कोड पुढे नेता येत नाहीत, फक्त तक्ते काढून घेता येतात. अशा वेळी सरांच्या घरी जाऊन जुन्या सीडी आणि फ्लॉपी चाळायला हव्यात, मूळ एमडीबी तिथे असू शकते. सरांच्या घरच्यांना हे विचारायला संकोचू नका. बहुतेक त्यांना आनंदच होईल.

आता पासवर्डचं. प्रोग्राम सुरू करताना तो नाव आणि पासवर्ड दोन्ही विचारत असेल, तर सरांनी ॲक्सेसची वापरकर्तानिहाय सुरक्षा वापरली असण्याची शक्यता आहे. ती सारी व्यवस्था त्या एमडीडब्ल्यू फाइलीत असते, म्हणूनच ती उचलायला सांगितली. एसीसीडीबीला ही व्यवस्था ठाऊकच नाही. म्हणून मधल्या मुक्कामावर असतानाच, पूर्ण अधिकार असलेल्या नावानं आत शिरून हे कुलूप काढून घ्यायचं. सर कुठल्या नावानं शिरायचे ते तुम्हाला माहीत असेल. पासवर्ड त्यांच्या टिपणवहीत असेल, नाहीतर मॉनिटरच्या मागे चिकटवलेल्या कागदावर. हसू नका, मला तो तिथेच सापडलाय, दोनदा.

नव्या ॲक्सेसमध्ये फाइल उघडली तरी पहिल्या दिवशी काहीतरी बोंबलणारच. घाबरू नका, कारणं ठरलेली आहेत. सुरुवातीला बटणं दाबूनही काहीच घडणार नाही, कारण नवं ऑफिस अनोळखी फोल्डरमधल्या फाइलीतला कोड चालू देत नाही. ट्रस्ट सेंटरमध्ये तो फोल्डर विश्वासातला म्हणून नोंदवा. मग कोडच्या खिडकीत टूल्समधल्या रेफरन्सेसमध्ये, म्हणजे प्रोग्राम ज्या बाहेरच्या जोडभागांवर टेकलेला असतो त्यांच्या यादीत, जा आणि एखाद्या ओळीपुढे ‘मिसिंग’ असं लिहिलंय का बघा. एक रेफरन्स जरी हरवलेला असला, तरी ॲक्सेस भलत्याच ठिकाणी बोट ठेवतं. आजची तारीख देणारं साधं फंक्शन चालेना म्हणून मी एकदा दोन दिवस त्या ओळीकडे बघत बसले होते. ओळीत काहीही चुकलेलं नव्हतं, दुखणं तिसऱ्याच घरात होतं. सरांनी फॉर्मवर कॅलेंडरची पेटी बसवली असेल तर ती गेली समजा. ते कंट्रोल ॲक्सेस २०१० पासून येत नाही. पण तारखेच्या रकान्याशेजारी आपोआप येणारं छोटं कॅलेंडर २००७ पासून आहेच, तेव्हा पेटी काढून टाकली की काम भागतं.

आणखी एक गोष्ट देणगीदाराकडून किंवा दुकानदाराकडून आजच करून घ्या. नव्या मशीनवरचं ऑफिस ३२ बिटचं आहे की ६४ बिटचं, ते बघा. हल्ली सांगितलं नाही तर ६४ बिटचंच बसवतात. माझं मत स्पष्ट आहे: सरांचा प्रोग्राम चालवायचा असेल तर ३२ बिटचं बसवा. त्या काळचे बरेचसे जोडभाग ३२ बिटचेच होते. विंडोजच्या अंतर्गत सोयी वापरणाऱ्या जुन्या कोडच्या ओळी तर ६४ बिटमध्ये दुरुस्त केल्याशिवाय कम्पाइलच होत नाहीत. दोन्ही ऑफिस एका मशीनवर एकत्र सुखानं नांदत नाहीत, म्हणून बदल करायचा तर आधीच. विंडोज ६४ बिटचंच राहू दे, त्याचा काही संबंध नाही.

आता अक्षरं. खरं दुखणं इथे आहे.

तुम्ही एक्सेलमध्ये जी भेळ पाहिलीत तीही बिघाड नाही. १९९९ मध्ये आपण सगळे मराठी टाइप करत होतो ते फॉन्टच्या जोरावर. शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव, पुण्याच्या सी-डॅकचे डीव्हीबी-टीटी मालिकेतले फॉन्ट, ज्याच्याकडे जे असेल ते. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून होती, पण ॲक्सेस ९७ च्या फाइलीला ती कळत नव्हती. त्यामुळे फाइलीत मराठी अक्षर कधी साठलंच नाही. साठला तो इंग्रजी संचातल्या कुठल्यातरी चिन्हाचा क्रमांक, आणि फॉन्टनं त्या क्रमांकाच्या जागी ‘क’चं चित्र काढून दाखवलं. फॉन्ट काढून घ्या, मागे भेळ उरते. म्हणून सगळे फॉन्ट उचला म्हटलं. नव्या मशीनवर तोच फॉन्ट बसवला आणि रकान्याला तोच लावला, तर नावं पुन्हा वाचता येतील. तात्पुरती सोय म्हणून ते ठीक. पण नवी नोंद टाइप करायला त्या फॉन्टचा कीबोर्ड लागतो. त्या काळची काही मराठी सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या डाँगलशिवाय, म्हणजे परवान्याच्या छोट्या डबीशिवाय, चालत नसत, आणि नव्या मशीनला तो पोर्टच नाही.

तेव्हा कधी ना कधी नावं खऱ्या युनिकोडमध्ये आणावी लागतील. इथे एक मोठा गैरसमज होतो. ॲक्सेस ९७ ची फाइल २००३ मध्ये नेली की मजकूर युनिकोड होतो, मग मराठीही युनिकोड झाली असणार, असं लोकांना वाटतं. तसं नाही. ॲक्सेसच्या लेखी तुमचा मजकूर इंग्रजी चिन्हांचा आहे. ते इमानेइतबारे त्या चिन्हांचं युनिकोड करतं. भेळ होती, ती युनिकोडमधली भेळ होते. उलट इथे एक धोका आहे. रूपांतर करणाऱ्या मशीनवर युनिकोड नसलेल्या प्रोग्रामांसाठीची भाषा वेगळी निवडलेली असेल, तर चिन्हं बदलून जाऊ शकतात आणि मग जुना फॉन्ट लावूनही नावं परत येत नाहीत. जुन्या मशीनच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ती भाषा कुठली आहे ते लिहून घ्या, मधल्या मशीनवर तीच ठेवा. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत त्याच ठिकाणी यूटीएफ-८ ची एक बीटा खूण असते, तिला हात लावू नका.

खरं मराठीकरण करायचं ते फॉन्ट बदलणाऱ्या कन्व्हर्टरनं. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा, त्यामुळे तुमचा फॉन्ट नेमका कोणता ते आधी पक्कं करा. एकाच वाचनालयात दोन फॉन्टमधल्या नोंदीही सापडतात, मध्येच कुणीतरी सॉफ्टवेअर बदललेलं असतं. कन्व्हर्टरला फक्त अक्षरांची अदलाबदल करून भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि आधीच साठायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार उलटा: जुन्यात अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. अर्धी अक्षरं वेगळी चित्रं होती, तिथे आता पाय मोडून जोडाक्षर करावं लागतं. म्हणून सगळ्या २२,००० नावांवर एकदम कन्व्हर्टर चालवू नका. आधी आठ-दहा अडेल शब्द द्या आणि बघा: किल्ला, विश्रांती, सूर्य, ज्ञानेश्वर, शृंगार, हृदय, कऱ्हाड, दुसऱ्या, ॲसिड. शेवटचे तीन मराठीचे खास आहेत. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले कन्व्हर्टर ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्‍या’ किंवा ‘दुसर्या’ करून मोकळे होतात. डोळ्याला फरक किरकोळ वाटेल, पण तुम्ही शोधायला गेलात की पुस्तक सापडणार नाही. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली, त्यामुळे जुन्या कन्व्हर्टरच्या ते गावीही नसतं.

रूपांतरित नावं जुन्या रकान्यावर चढवू नका. शेजारी नवा रकाना करा, जुना तसाच राहू द्या. सहा महिन्यांनी एखादं नाव विचित्र दिसलं तर मूळ समोर हवं. या सगळ्या खटाटोपाचा तुम्हाला एक फायदाही होणार आहे. इतकी वर्षं तुमची यादी अकारविल्हे लागली नसेल. लागणार कशी, क्रम चित्रांच्या क्रमांकावर लागत होता. युनिकोडनंतर ‘अ’ पहिल्यांदा ‘आ’च्या आधी येईल.

तारखांकडेही एकदा लक्ष द्या. सरांनी वर्ष दोन अंकी भरायची सवय लावली असेल, तर ॲक्सेस त्या काळी ३० ते ९९ ला एकोणीसशे समजायचं आणि ०० ते २९ ला दोन हजार. १९२८ साली जन्मलेल्या आजोबांचं ‘२८’ भरलं असेल, तर ते अजून जन्माला यायचे आहेत. आजच्या पुढच्या जन्मतारखा शोधणारी एक क्वेरी चालवा, करमणूक होईल आणि दुरुस्तीही. नव्या मशीनवर विंडोजचं रीजन इंग्रजी-भारत ठेवा. अमेरिका राहिलं तर ३ एप्रिलचं ४ मार्च होतं आणि उशिराचा दंड भलत्यालाच लागतो. जुन्या मशीनची मदरबोर्डवरची बॅटरी संपून मध्ये कधी तारीख मागे गेली होती का, हेही आठवून बघा. त्या दिवसांतल्या देवघेवीच्या नोंदी हातानं तपासाव्या लागतील.

आता मंडळातले दोन तट. अध्यक्षांचं ‘चालतंय तोवर हात लावू नका’ मला पुष्कळदा पटतं, आणि मी ते बोलूनही दाखवते. पण ते धोरण चांगल्या डिस्कवर शोभतं, खरखरणाऱ्या नाही. विंडोज एक्सपीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला थांबवला, आणि त्या मशीनला इंटरनेट जोडलेलं असेल तर आजच वायर काढा. अध्यक्षांच्या म्हणण्यातलं खरं ते असं, की सरांचा प्रोग्राम आहे तसा वापरायचा असेल, तर एक्सपी नव्या मशीनच्या आत आभासी मशीन म्हणून चालवता येतं, इंटरनेटशिवाय. त्यासाठी एक्सपीचा स्वतःचा परवाना हवा आणि बसवून देणारा जाणता माणूस हवा. सहा महिन्यांची सोय म्हणून हे वाईट नाही. कायमचं म्हणून नको, कारण मराठी टाइप करायचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

सचिवांच्या ६०,००० बद्दल मी घाईनं हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही. २२,००० पुस्तकं आणि ९०० सभासद यांच्यासाठी दुसरं सॉफ्टवेअर हवंच असेल, तर सरकारच्या एनआयसी या संगणक संस्थेनं केलेलं ई-ग्रंथालय आहे. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी सुरू झालेलं आणि २००० पासून वापरात असलेलं कोहा आहे, त्याचा परवाना मोफत आहे. फुकट म्हणजे बिनकष्टाचं, असं मात्र समजू नका. कोहा बसवायला आणि सांभाळायला माणूस लागतो. विकत घ्यायचं तर विक्रेत्याला मंडळासमोर तीन गोष्टी विचारा. माझी जुनी माहिती तुम्ही आत घेऊन देणार का, की मी टाइप करू? उद्या तुमचं दुकान बंद झालं तर माझी माहिती साध्या एक्सेलमध्ये किंवा सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या टेक्स्ट फाइलीत) बाहेर काढता येईल का? ती काढायला तुमची परवानगी लागेल का? पहिल्या प्रश्नावर ‘पुन्हा भरावी लागेल’ असं उत्तर आलं, तर चहा पाजून निरोप द्या. सगळ्या नोंदी पुन्हा टाइप करण्याचं कारण मला तुमच्या पत्रात कुठेही दिसलं नाही.

कारण माहिती बाहेर काढायचा रस्ता तुमच्या हातात आजही आहे. ॲक्सेस ९७ मध्ये प्रत्येक तक्ता एक्सपोर्ट करता येतो. एक तर तुम्ही केलातच. उरलेलेही करा, एक्सेलमध्ये आणि साध्या टेक्स्ट फाइलीतही. मेमो प्रकारच्या रकान्यातला लांब मजकूर एक्सेलमध्ये जाताना तुटू शकतो, टेक्स्टमध्ये राहतो. ती टेक्स्ट फाइल मात्र डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, दाखल अंकाच्या सुरुवातीची शून्यं गळून पडतात. समजा उद्या जुनं मशीन सुरूच झालं नाही आणि गावात मधलं ॲक्सेसही मिळालं नाही, तरी तुमच्या पेन ड्राइव्हवरच्या एमडीबीतले तक्ते लिनक्सवरचं एमडीबी टूल्स हे मोफत साधन वाचू शकतं, ९७ चेसुद्धा. एखाद्या इंजिनिअरिंगच्या मुलाला हे नाव सांगा. तुमच्या फाइलीला अजून पुष्कळ दारं आहेत.

नव्या जागी माहिती आली की ती पूर्ण आली का, हे डोळ्यांनी नाही, आकड्यांनी तपासायचं. प्रत्येक तक्त्यात किती ओळी, शेवटचा दाखल अंक कोणता, एकूण अनामत किती, आज बाहेर असलेली पुस्तकं किती. जुन्या फाइलीत आणि नव्या फाइलीत चारही आकडे जुळले पाहिजेत. दाखल अंक आपोआप वाढणारा असेल, तर तक्ता नव्यानं बनवताना तो ॲक्सेसला नव्यानं द्यायला सांगू नका. जुने अंक जसेच्या तसे आणा, मधल्या रद्द झालेल्या पुस्तकांच्या मोकळ्या जागांसकट. पुस्तकांच्या पाठीवर तेच अंक चिकटलेले आहेत. शिवाय तुमच्याकडे लाल बांधणीची दाखल नोंदवही असेलच, तपासणीला येणारे अधिकारी तीच मागतात. नोंदवहीतली कुठलीही पन्नास पानं उघडून प्रत्येकी एक पुस्तक नव्या फाइलीत शोधा. मग महिनाभर दोन्हीकडे देवघेव नोंदवा. कंटाळवाणं आहे, पण चुका त्याच महिन्यात सापडतात.

सरांबद्दल. त्यांचं काम म्हणजे ती फाइल, असं तुम्ही धरून चालला आहात. मला वाटतं, त्यांचं काम त्या फाइलीत लिहिलेल्या नियमांत आहे: एका सभासदाला किती पुस्तकं, मासिकाला किती दिवस, वर्गणी थकली की देवघेव कधी अडते, अनामत परत करताना काय वजा होतं. हे नियम आज तुमच्या तोंडपाठ आहेत, पण लिहिलेले कुठेच नसतील. प्रत्येक फॉर्मचा स्क्रीनचा फोटो घ्या आणि त्याखाली कोणतं बटण काय करतं ते मराठीत लिहा. ॲक्सेस ९७ च्या टूल्समध्ये ॲनालाइझखाली डॉक्युमेंटर नावाची सोय आहे, तिनं सगळ्या तक्त्यांची आणि रकान्यांची जंत्री छापता येते. ही वही तयार झाली की पुढचा प्रोग्राम ॲक्सेसमध्ये झाला काय नि कोहामध्ये, सरांचे नियम त्यात उतरवता येतील. सरांनी कोडमध्ये हिरव्या अक्षरांत टिपा लिहिल्या असतील तर त्याही छापून घ्या. जुन्या गणित शिक्षकांच्या टिपा मी वाचल्या आहेत, त्या वाचनीय असतात.

महिन्यानं सगळं जुळलं आणि जुनं मशीन भंगारात द्यायची वेळ आली, तर त्यातली डिस्क काढून घ्या, मशीन एकटंच जाऊ द्या. डिस्कवर ९०० माणसांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत. डिस्क कागदात गुंडाळून वर तारीख आणि सरांचं नाव लिहा आणि दाखल नोंदवहीच्याच कपाटात ठेवा.